फेराँची बाही

मजकुरातल्या सीगल पक्ष्यांपर्यंत आल्यावर कादंबरी सोहोनीने वाचणं थांबवलं, चष्मा काढला, कार्डिगनच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. सीगल तिथेच होते.

"नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर," ती मोठ्याने म्हणाली, "लहानपणी तासन्‌तास सीगलांचे पंख न्याहाळत बसायचास म्हणे तू."

टेबलाच्या पलीकडे, आपल्या उंच स्टुलावर, ल्यूसियाँ फेराँ पेन्सिलीला टोक करत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण टोक असं करायचा, जणू फ्रान्सची सगळी अब्रू त्या टोकावर उभी आहे.

"बसायचो," तो म्हणाला.

"तू लिमोजचा. तुमच्याकडे पाणी म्हणजे नळाचं."

"सुट्टीत जायचो."

"मागच्या वर्षी त्या मासिकवाल्या बाईला सांगितलंस, चर्चमधल्या देवदूताचे पंख. त्याच्या आधी टीव्हीवर वटवाघूळ."

"वटवाघूळ लोकांना आवडलं नाही," ल्यूसियाँ म्हणाला आणि पेन्सिलीवर फुंकर घातली.

विद्यापीठाच्या संग्रहालयात फेराँच्या चाळीस वर्षांच्या कपड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मधोमध काचेच्या पेटीत एक करडा कोट, आणि शेजारच्या भिंतीवर हा मजकूर. कोट प्रसिद्ध होता तो बाहीसाठी. 'फेराँ बाही' म्हणतात तिला. हात सरळ वर उचलला तरी कोट कमरेवरून तसूभर सरकत नाही. फॅशनच्या कॉलेजांत मुलांना शिकवतात. आणि ती बाही ल्यूसियाँ फेराँने उभ्या जन्मात एकदाही बेतली नव्हती. पहिली कादंबरीने बेतली, दुसरी कादंबरीने बेतली आणि काल दुपारी बेतली तीही कादंबरीनेच, मध्ये उठून डब्यातली मुगाची खिचडी खाऊन.

मजकुरात कादंबरी होती, नाही असं नाही. अगदी शेवटच्या ओळीत. 'बिझनेस पार्टनर के. सोहोनी यांच्यासह फेराँ न्यू जर्सीत काम करतात.' बिझनेस पार्टनर या शब्दाचा तिला मनापासून तिटकारा होता. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई बिलं भरत असणार, प्रिंटरची शाई मागवत असणार आणि कलावंताला जेवणाची आठवण करत असणार. आता ती हे सगळंही करायची, ते सोडा.

"माझं नाव घाल," ती म्हणाली.

"आहे की."

"बाहीपाशी घाल. ही बाही हिने बेतली, असं."

"मादाम, बाही हा तपशील आहे. तपशिलावर कुणी सही करत नाही. बटणावर करतं का कुणी?"

"त्या तपशिलाला तुझं नाव आहे."

"ते मी दिलं नाही. मासिकाने दिलं."

"तू खोडलंही नाहीस."

"तुम्हीही नाही," ल्यूसियाँ म्हणाला.

इंग्रजीत सगळेच 'यू'. पण तो फ्रेंचमधून इंग्रजी बोलायचा आणि ती मराठीतून, त्यामुळे वीस-एकवीस वर्षं तिच्या कानाला तो 'तुम्ही' म्हणत आला होता आणि ती त्याला 'तू'. त्याच्या 'तुम्ही'त आदर नव्हता. चिमट्याने उचलून बाजूला ठेवावं, तसं ते 'तुम्ही' होतं.

"ऐक," कादंबरी म्हणाली. "शुक्रवारी हे छापायला जाणार. सीगलांसकट गेलं, तर सोमवारी मी या टेबलाशी नसेन. मागच्या खोलीत ब्लाउज शिवीन, नाहीतर घरी बसून भाजी निवडीन, पण तुझ्यासाठी कात्री धरणार नाही."

"हे तुम्ही दोन हजार नऊ सालीही म्हणाला होतात."

"तेव्हा माझा मुलगा शाळेत होता. आता तो टेक्सासला आहे आणि स्वतःची भाजी स्वतः निवडतो. आणि गुरुवार लक्षात आहे ना? संग्रहालयाची ती शिवांगी कॅमेरा घेऊन येतेय. मास्टर स्वतःच्या हाताने बाही बेतताना तिला शूट करायचंय. तू हो म्हणून कळवलंयस."

कळवलं होतंच. मेलमध्ये शिवांगीने 'मास्टर' असा शब्द वापरला होता, आणि त्या एका शब्दावर मास्टरांनी, काय मागितलंय ते न वाचताच, होकार धाडला होता.

"तर बेत," कादंबरी म्हणाली. "सीगलाला आठव आणि बेत."

पेन्सिल थांबली. टोक केव्हाच झालं होतं, तरी तो पुन्हा करायला लागला.

*

मेझाँ फेराँ हे त्यांचं दुकान न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत, हायवेला लागून असलेल्या एका लांबट बैठ्या इमारतीत होतं. डाव्या हाताला टायरवाला, उजव्या हाताला मिठाईवाला. मॅनहॅटनहून गाडीने येणाऱ्या म्हाताऱ्या श्रीमंत बायका दारात उतरल्या की रबराचा आणि जिलेबीच्या तुपाचा वास एकदमच नाकात जायचा, आणि त्या नाकं मुरडायच्या. ल्यूसियाँ त्यांना सांगायचा, खरं काम नेहमी गावाबाहेरच होतं. खरं कारण असं, की गावातली जागा त्याला सोडावी लागली होती. पॅरिसहून न्यू यॉर्कला आला तेव्हा दोन हंगाम त्याच्या नावाचा गजर झाला, तिसऱ्या हंगामात भांडवलवाल्याला दुसरा कुणी फ्रेंच माणूस मिळाला, आणि चौथ्यात ल्यूसियाँ फेराँ नदी ओलांडून जर्सीत.

कादंबरी त्याला भेटली ती एका ड्रायक्लीनरच्या दुकानात. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात एक मशीन, एक दिवा आणि ही. लग्नानंतर डिपेंडंट व्हिसावर आली तेव्हा नोकरी करायला बंदी होती. नवरा, अरुण, ऑफिसला गेला की घरात ती आणि भिंती. मग जुन्या कपड्यांच्या दुकानातून कोट, जाकिटं, पुरुषांचे शर्ट आणायचे आणि उसवायचे. शिवण कुठून कुठे गेली, आत काय दडवलंय, अस्तर कुणी आळस करून चिकटवलंय, हे सगळं ती उसवून शिकली. शिवण्याचं शिक्षण म्हणून तिच्याकडे दाखवण्यासारखा कागद एकही नव्हता. ग्रीन कार्ड आल्यावर ड्रायक्लीनरने ठेवून घेतलं, ते कागद न विचारता.

एके दिवशी एक कोट आला, काखेत फाटलेला. सुरेख कोट. इतका सुरेख की तो घालून माणसाने फक्त उभं राहावं. मालकीणबाईंनी टॅक्सीला हात केला आणि टर्रकन फाटला. कादंबरीने तो शिवला नाही. काखेशी उसवला, बाही काढली, नवीन बेतली आणि काखेत चौबगला घातला, हात मोकळा फिरावा म्हणून लावतात तो कापडाचा चौकोनी तुकडा. कुणाला न विचारता.

चार दिवसांनी दुकानात एक उंच, पांढऱ्या शर्टाचा माणूस शिरला आणि काउंटरवर कोट आपटून ओरडला, "माझ्या कोटाला हात कुणी लावला?"

"मी," मागून कादंबरी म्हणाली.

"कुणाच्या परवानगीने?"

"काखेच्या. तुमचे कोट पुतळ्यांसाठी असतात का हो? हात नसलेल्या?"

तेव्हा ती त्याला अहो-जाहो करायची. एका आठवड्यात ते संपलं, कारण पुढच्या सोमवारी तो आणखी तीन कोट घेऊन आला आणि म्हणाला, यांनाही. आभार वगैरे काही नाही. जणू ड्रायक्लीनिंगमध्येच ते येतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. करडा कोट, मासिकाचं मुखपृष्ठ, 'फेराँ बाही'. मुखपृष्ठावर ल्यूसियाँ टेबलाशी हात बांधून उभा, आणि फोटोच्या काठाला एक कोपर. ते कादंबरीचं. अरुणने ते कात्रण फ्रिजवर लावलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हे कोपर आमचं."

कंपनी दोघांच्या नावावर झाली, पाटी एकाच्या. 'मेझाँ' म्हणजे घराणं, मादाम, आणि घराण्याला एकच नाव असतं, असं ल्यूसियाँने समजावलं. कादंबरीने मान हलवली. तेव्हा तिला वाटलं होतं, नाव काय, पाटीचा पत्रा. मागच्या दाराला तिने स्वतःची एक पुठ्ठ्याची पाटी लावली, ब्लाउज अल्टरेशनची. तिथून जवळच्या एडिसन गावच्या नवऱ्या मुली आणि त्यांच्या आया येत. ल्यूसियाँला त्या दाराची शिसारी होती. 'तुमची ती चोळ्यांची बाजारपेठ' म्हणायचा. पण एखादी मुलगी आरशापुढे उभी राहिली की हा पडद्याआडून डोकवायचा आणि म्हणायचा, "गळा एक बोट खाली." आणि खरंच एक बोटच कमी असायचा. कादंबरीचा सगळ्यात मोठा राग हाच होता. नुसता मूर्ख असता तर केव्हाच सोडून गेली असती.

*

"सोड ना यार," बुधवारी जेवताना अरुण म्हणाला. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो जगातल्या प्रत्येक गोष्टीवर हाच सल्ला द्यायचा. "इतकी वर्षं काय फरक पडला? त्या फेरीवाल्याला काय समजायचंय?"

ल्यूसियाँला तो पहिल्या दिवसापासून फेरीवाला म्हणायचा.

"मला फरक पडलाय."

"मग त्या शिवांगीला डायरेक्ट फोन कर. सांग, बाही माझी आहे."

"आणि ती विचारेल, इतकी वर्षं कुठे होतात काकू? प्रदर्शनाला महिना राहिल्यावर आठवलं? म्हाताऱ्या बिझनेस पार्टनर असंच काहीतरी म्हणत असतात, असं वाटेल तिला. नाही. त्याने म्हणायला हवं. त्याच्या तोंडून."

"तो म्हणतोय! उद्या बघ काय होईल. तो कात्री उचलेल, दोन सेकंद हात थरथरेल, आणि तू पळत जाशील. 'थांब, थांब, मी करते.' शिवांगी समजेल, काकू मदतीला आल्या. किती प्रेमळ."

"नाही जाणार."

"पैज?"

"अरुण, पोळी हवी का?"

तिने पोळी वाढली, पण तो बोलला ते तिला बोचलं, कारण खरं होतं. पॅरिसमध्ये ल्यूसियाँसारख्यांनी कधी कात्री धरायचीच नसते. ते कागदावर काढतात, पुतळ्यावर टाचतात. बेतायला खालच्या मजल्यावर माणसं असतात. खालचा मजला तुटला तेव्हा त्याच्या हातात फक्त पेन्सिल उरली होती. उद्या कॅमेऱ्यापुढे तो उघडा पडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पडू दे, असं तिने भांडी घासताना दोनदा मोठ्याने म्हटलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्याने.

*

शिवांगी साडेदहाला आली. अठ्ठावीस-एकोणतीसची, एडिसनलाच जन्मलेली, केस आखूड, पायात भक्कम बूट. तिने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, दिवे लावले आणि कादंबरीकडे बघून हसली.

"काकू, तुम्ही थोडं फ्रेमच्या बाहेर उभ्या राहाल? प्लीज? बॅकग्राउंडला मला फक्त त्यांची स्केचेस हवीयत."

"राहते की."

"तुम्ही बिझनेस साइड बघता ना? माझी आईपण अकाउंटंट आहे."

"हो का," कादंबरी म्हणाली. "छान."

ती आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली, टेबलाच्या अलीकडे. पलीकडे ल्यूसियाँ, त्याच्यामागे स्केचेस. कॅमेरा त्याच्यावर. त्याने आज गळ्यात रेशमी रुमाल बांधला होता. गाठ इतकी घट्ट की बळी द्यायला आणलेल्या बोकडासारखा दिसत होता. कादंबरीने हात कार्डिगनच्या खिशांत घातले. मुठी वळल्या. बाहेर येणार नाहीत म्हणजे नाहीत.

"सर, एनी टाइम यू आर रेडी," शिवांगी म्हणाली.

ल्यूसियाँने आधी भाषण केलं. समुद्र, वारा, पंख. पंख उघडताना पक्ष्याचं अंग कसं स्थिर असतं. कादंबरी मनात म्हणत होती, बोल बाबा, बोल, जीभ आहे तोवर कात्री लांब. मग भाषण संपलं. टायरवाल्याकडे हवेचा पंप सुरू झाला आणि बंद झाला.

त्याने करडं लोकरी कापड पसरलं. मानेची बाजू पलीकडे, म्हणजे कादंबरीच्या पोटाशी. घेराची बाजू स्वतःकडे. कादंबरीला वाटलं, चुकला. सुरुवातच उलटी. खिशातली मूठ जराशी सैल झाली.

त्याने खडूने रेषा मारली. बरोबर.

तिने मान पुढे केली. रेषा खरंच बरोबर होती. मुंढ्यापासून खाली, मग आत, आणि चौबगल्यासाठी तळहाताएवढा तुकडा बाहीलाच ठेवून. लोक चौबगला वेगळा कापतात आणि नंतर जोडतात. कादंबरी तो बाहीतूनच काढते, दुमडून अंगाच्या कापडात घुसवते. सगळी करामत तिथेच. ही गोष्ट तिने कुणाला शिकवलेली नव्हती. याला तर नाहीच.

मग त्याने कात्री उचलली, टेबलावर पोट टेकून पुढे ओणवा झाला, हात जितका लांब जाईल तितका नेला आणि पलीकडच्या टोकापासून स्वतःच्या पोटाच्या दिशेने कापायला लागला.

कात्री अशी कुणीच चालवत नाही. ती माणसापासून लांब जाते. येड्या शिंप्यालासुद्धा एवढं कळतं. कादंबरीला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनेही पहिल्याच आठवड्यात अंगावरचा गाऊन कापून घेऊन ते शिकून टाकलं होतं. आणि हा सत्तर पार केलेला माणूस टेबलावर आडवा पडून, रुमाल कापडात अडकवत, धापा टाकत, कात्री स्वतःच्या आतड्यांकडे ओढत होता. पण कापत होता बरोबर. लांब काप. मग वळणाचा कोपरा आला. तिथे तो थांबला, कात्री उचलली आणि तिचा दांडा टेबलावर दोनदा आपटला. टक, टक. अतिशय गंभीरपणे. मग आखूड काप.

कादंबरीच्या तोंडून हसू फुटलं. फुटलं म्हणजे चांगलंच, फ्रेमच्या बाहेरून, रेकॉर्डिंगमध्ये.

"सॉरी," ती म्हणाली. "चालू दे."

"सर," शिवांगी कॅमेऱ्यामागून पुढे आली, "मध्ये तुम्ही कात्री टॅप केलीत. दॅट वॉज ब्यूटिफुल. का करतात ते?"

"आवश्यक आहे," ल्यूसियाँ घाम पुसत म्हणाला. "कोपऱ्याच्या आधी कापड शांत व्हावं लागतं. दोनदा. एकदा पुरत नाही."

कादंबरीला आता खिशातून हात काढावेच लागले, तोंडावर धरायला. तिची पहिली कात्री स्वस्तातली होती आणि तिचा स्क्रू ढिला होता. वळणावर पाती सटकायची, म्हणून ती आधी आपटून बसवायची. ती कात्री कचऱ्यात जाऊन पंधरा वर्षं झाली. नवीन कात्रीचा स्क्रू घट्ट आहे. आपटायची सवय तेवढी राहिली होती, आणि ती आहे हेसुद्धा तिला आज कळत होतं, या माणसाच्या हातात बघून.

हसता हसता तिचं हसू कुठेतरी अडकलं. कारण इतक्या वर्षांत तिला वाटत आलं होतं की ती बेतत असताना तो समोर बसून पेन्सिलीला टोक करतोय.

"आणि एक विचारू?" शिवांगी म्हणाली. "इट लुक्स सो अनकम्फर्टेबल. तुम्ही कापड फिरवून का नाही घेत? किंवा त्या बाजूला जाऊन?"

"मान तिकडे असते," ल्यूसियाँ म्हणाला.

"पण का?"

"का म्हणजे? नेहमी तिकडेच असते. घेर इकडे, मान तिकडे. आणि कात्री तिकडून…"

त्याने तिकडे बोट केलं. तिकडे कादंबरी उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

बोट तसंच राहिलं. कादंबरीने त्याच्या चेहऱ्यावर ते उतरताना पाहिलं, हळूहळू, पाणी झिरपावं तसं. त्याने कापडाकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे, हातातल्या कात्रीकडे. मान लाल झाली, रुमालाच्या वरपर्यंत.

"कॅमेरा बंद करा," तो म्हणाला.

शिवांगीने बटणाला हातही लावला नाही. कॅमेरा तसाच चालू राहिला. तिच्याबद्दल कादंबरीचं मत त्या क्षणी सुधारलं.

"बंद कशाला?" कादंबरी म्हणाली. "सांग ना तिला. सीगल कुठे उभा होता?"

"मादाम."

"सांग. किनाऱ्यावर नेमका कुठल्या बाजूला?"

टायरवाल्याचा पंप पुन्हा सुरू झाला. कादंबरीला वाटलं, आता हा रागावून निघून जाईल, मागचं दार आपटेल आणि उद्या सीगल छापून येतील. तिला हेही जाणवलं, की तसं झालं तर ती सोमवारी खरंच येणार नाही, आणि मग या टेबलाशी कुणीच राहणार नाही. तरी तिने नजर काढली नाही.

ल्यूसियाँने कात्री खाली ठेवली. रुमालाची गाठ सोडली.

"सीगल," तो कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाला, "तिथे उभा होता. भयानक कार्डिगन घालून."

शिवांगीने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "वेट. म्हणजे ही बाही… काकू?"

"यांनी बेतली. पहिली आणि सगळ्याच. मी समोर बसून बघितलं. आज पहिल्यांदा करून पाहिलं, तेव्हा कळलं की उलटं बघितलं." त्याने नाकातून श्वास सोडला. "यांना फॅशन अजिबात कळत नाही. एकवीस वर्षांत एक धड रंग यांनी निवडला नाही. पण बाही यांची आहे."

"मग मला सांगा ना," शिवांगी कादंबरीकडे वळली. कॅमेराही वळला. "काकू, ही आयडिया तुम्हाला कुठून आली?"

"मलाही माहीत नाही," ल्यूसियाँ मध्येच म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."

हे मात्र कादंबरीला लागलं. नाव खाल्लं त्याहून लागलं. एकवीस वर्षं! तिने घसा खाकरला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तिच्याकडे बघत होता, आणि तिच्या मनात, शपथेवर सांगायचं तर, एक मोर आला. मोराचा पिसारा. सातारा, डोंगर, सकाळी पिसारा उघडणारा मोर. किती छान दिसला असता भिंतीवर. तिने स्वतःला आवरलं, पण जरा उशिराच.

"सासऱ्यांची बाराबंदी होती," ती म्हणाली. "नाटकात काम करायचे ते, हौशी. ऐतिहासिक. तलवार उगारायची असायची, म्हणून त्या बाराबंदीला काखेत चौबगला होता. तलवार उचलली तरी अंगरखा वर जायला नको, पोट दिसायला नको. मी नवीन सून. आत काय आहे ते बघायला एका दुपारी सगळी उसवली, आणि मला ती परत जोडता येईना. रविवारी प्रयोग. सासरे शाल गुंडाळून अफझलखानासमोर उभे राहिले. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत."

"ओ माय गॉड," शिवांगी म्हणाली.

"त्या वर्षभरात शिकले जोडायला."

ल्यूसियाँ ऐकत होता. "शाल?" त्याने विचारलं. "कुठला रंग?"

"मरून."

"खानासमोर मरून," तो पुटपुटला आणि डोळे मिटले. "देवा."

*

शुक्रवारी सकाळी नवीन मजकूर आला. 'कोट: ल्यूसियाँ फेराँ. बाही: कादंबरी सोहोनी.' खाली चार ओळी बाराबंदीच्या. सीगल नाही, मोर नाही. ल्यूसियाँने वाचला, एक स्वल्पविराम काढला, इंग्रजी अत्यंत गावंढळ आहे असं म्हणाला आणि सही केली. कादंबरी मजकूर घेऊन मागच्या खोलीत गेली, ब्लाउजांच्या ढिगात बसून तीनदा वाचला आणि चौथ्यांदा अरुणला फोनवर वाचून दाखवला.

"मग फेरीवाला सुधारला म्हणायचा," अरुण म्हणाला.

"छे! मला रंग कळत नाहीत म्हणाला. कॅमेऱ्यासमोर."

"ते तर खरंच आहे."

तिने फोन ठेवला.

दुपारी शिवांगीचा फोन आला. "काकू, एक गंमत सांगू? सरांचा मेल आला. तुमचं नाव लांब आहे ना, डिझायनरने दोन ओळींत तोडलं होतं. सर म्हणतात, तोडायचं नाही. एका ओळीत बसवा, माझं नाव त्यासाठी लहान करावं लागलं तरी चालेल. इज दॅट नॉट स्वीट?"

"कारण काय लिहिलंय?"

"म्हणे, तुटलेली ओळ भिंतीवर वाईट दिसते."

"हं. तेच कारण असेल."

फोन ठेवून ती पुढे आली. टेबलावर कालचं कापड तसंच होतं, त्याने बेतलेलं. तिने ते उचलून उजेडात धरलं. लांब काप बरा होता. आखूड काप दोन ठिकाणी कुरतडला होता, उंदराने खाल्ल्यासारखा.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"बाही," स्टुलावरून ल्यूसियाँ म्हणाला.

"ही बाही? ही घालून कुणी हात वर केला तर पोलीस येतील. ये इकडे."

"कुठे?"

"इकडे. या बाजूला. बघायचंच आहे तर नीट बघ एकदा."

तो कुरकुरत उठला. गुडघा धरला, स्टूल सरकवलं, टेबलाला लांबचा वळसा घालून आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला, एक हात अंतर ठेवून. तिने कापड सरळ केलं. मान आपल्याकडे, घेर पलीकडे. तो खिडकीकडे बघत होता, मग टेबलाकडे, मग पुन्हा खिडकीकडे.

"आता काय?" कादंबरीने विचारलं.

"उजेड या बाजूला चांगला आहे," ल्यूसियाँ फेराँ म्हणाला. त्याचा आवाज दुखावल्यासारखा झाला होता. "एकवीस वर्षं, मादाम. एकवीस वर्षं हा तुम्ही एकट्याने वापरलात."